सरपंच दवाखान्यात असताना

सरपंच काकूंवर हल्ला झाला त्या सकाळी मी दुकानात हरभऱ्याची डाळ पुड्यांत भरत होते. आमचं किराणा दुकान केळझरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गावाच्या तोंडाशीच आहे. गावातली बातमी आधी आमच्याकडे येते, मग पुढे जाते. त्या दिवशी ती एका गुराख्याच्या तोंडून आली. तो धावत आला नव्हता. काउंटरला हात टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, काकूले मारलं. टेकडीपाशी पडून हाये."

टेकडी म्हणजे गावामागची ई-क्लासची जमीन, सरकारी चराईची. गावाची गुरं तिथं चरतात, बाया सीताफळं तोडायला जातात. वर्षभरापासून एका ठेकेदाराचे टिप्पर रस्त्याच्या कामासाठी तिथला मुरूम उचलत होते. काकूंनी ग्रामसभेत विरोध केला, तहसीलमध्ये तक्रार दिली, आणि काही होत नाही असं दिसल्यावर सकाळी उठून स्वतःच टिप्परसमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. आदल्याच संध्याकाळी त्या माझ्या दुकानात चहापत्ती न्यायला आल्या होत्या. मी म्हटलं, काकू, एकट्या नका जाऊ. त्या म्हणाल्या, "माह्या मागं पंचायत हाये ना वं. मी एकटी कशी?"

माझ्या नवऱ्याने शेजारच्या दूधवाल्याची गाडी घेतली. आम्ही पोचलो तेव्हा काकू उताण्या पडलेल्या होत्या आणि त्यांचं डोकं एका बाजूने ओलं होतं. टिप्पर नव्हते, माणसं नव्हती. गाडीच्या मागच्या भागात दुधाच्या कॅनच्या मधे मी बसले आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. दुकानातला टॉवेल जखमेवर दाबून धरला होता. रस्त्यात त्या बोलत होत्या, पण हल्ल्याचं काहीच बोलत नव्हत्या. "माही चप्पल राह्यली वं तिथं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मी म्हणत होते, आणू काकू, आणू. सेलू मागे पडल्यावर त्या बोलायच्या थांबल्या. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही यांच्या कोण? माझ्या तोंडून निघालं, उपसरपंच. नंतर मलाच विचित्र वाटलं. शेजारीण म्हणाले असते तरी चाललं असतं.

मी उपसरपंच कशी झाले ते सांगायला हवं. आमच्या पंचायतीत नऊ सदस्य. निवडणुकीनंतर त्यांचे दोन गट पडले आणि उपसरपंच कोणाचा यावर कोणी मागे हटेना. शेवटी दोन्हीकडच्यांना माझं नाव चाललं, कारण दोन्हीकडची माणसं आमच्याच दुकानातून तेल-मीठ नेत होती आणि माझं कोणाशी भांडण नव्हतं. मला त्या पदाचं काही विशेष वाटलं नव्हतं. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायचं, मीटिंगमध्ये काकूंच्या बाजूच्या खुर्चीवर बसायचं. बोलायचं काम काकूंचं होतं, आणि त्यांना ते आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी ग्रामसेवक दुकानात आले. आमच्याकडे त्यांना सचिव म्हणतात. अमरावतीकडचे, तरुण, तीन गावांचा कारभार एकाच माणसाकडे. ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "ताई, आता तुम्हीच."

मी विचारलं, मीच काय? त्यांनी समजावून सांगितलं. सरपंच काम करण्याच्या स्थितीत नसेल तर सगळे अधिकार उपसरपंचाकडे येतात. नळाच्या मोटरची तक्रार आहे, ती जळायला आली आहे. मासिक सभा तोंडावर आहे. आणि तहसीलमधून विचारणा आली आहे, टेकडीवरचा मुरूम काढायला पंचायतीची हरकत आहे का. मुदतीत कळवलं नाही तर हरकत नाही असं धरून चालतील.

"म्हणजे आपण गप्प बसलो तर त्यांचं काम होते," मी म्हटलं.

"हो," सचिव म्हणाले, आणि पाणी मागितलं.

तेव्हा मला कळलं की काकूंच्या डोक्यात का मारलं. ते नुसत्या रागातून झालं नव्हतं. सभाच होऊ नये अशी कोणाची तरी इच्छा होती, आणि आता ती व्हायची की नाही हे माझ्यावर होतं. मला त्या वेळी धीट वाटलं असं मी म्हणणार नाही. मी उगाच डब्यांची झाकणं पुसत राहिले.

सभेची नोटीस चपराशी वाटतोच, पण मी प्रत्येकाच्या घरी स्वतः गेले. एक सदस्य पोरीकडे नागपूरला जायला निघाले होते, पिशवी दारातच ठेवलेली होती. दुसऱ्याने मला बाजेवर बसवलं, चहा दिला आणि सरळ सांगितलं, "वहिनी, माहा पोरगा त्याच्याच टिप्परवर ड्रायव्हर हाये. मी कसा येऊ, तुम्हीच सांगा." मी चहा संपवला आणि उठले. एका घरी आमच्यातली एक सदस्यबाई अंगणात सूप घेऊन तूर पाखडत होती. तिचा नवरा उंबऱ्यात येऊन म्हणाला, तिची तब्येत बरी नाही. ती खाली मान घालून पाखडतच राहिली. मी तिच्याकडे पाहिलं आणि बरं आहे म्हणून परत फिरले.

फक्त कंडक्टर काका हो म्हणाले. ते एसटीतून रिटायर झालेले, सत्तरीच्या पुढचे, ऐकायला थोडं कमी येतं. त्यांनी मला दोनदा विचारलं, कोणत्या वारी? आणि म्हणाले, "सूनबाई, मी येतो. मले कोण मारते, मी तर असाच जाणार हाये."

सभेच्या आदल्या दुपारी दोन माणसं मोटरसायकलवर दुकानात आली. गावची नव्हती. त्यांनी बिस्किटांचे दोन पुडे घेतले, तिथंच उभं राहून खाल्ले. एक जण म्हणाला, "वहिनी, उद्या मीटिंग हाये म्हणते." मी हो म्हटलं. तो म्हणाला, बरं आहे. मग ते गेले. यापेक्षा काही झालं नाही, पण माझा नवरा आतून आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तो मला जाऊ नको म्हणाला नाही. एवढंच म्हणाला की आपलं दुकान रस्त्यावर आहे, चोवीस तास उघड्यावर आहे, हे लक्षात ठेव.

सभेला मी, कंडक्टर काका, सचिव आणि चपराशी. काकूंची खुर्ची भिंतीजवळ सरकवून ठेवली होती. मी तिच्यावर बसले नाही, माझ्या नेहमीच्याच खुर्चीवर बसले. दाराकडे पाहत राहिलो. एक कुत्रं येऊन गेलं. वेळ टळली तेव्हा सचिवांनी गणपूर्तीअभावी सभा तहकूब असं लिहिलं आणि माझी सही घेतली. मला रडू यायला लागलं होतं. मी म्हटलं, संपलं मग. आता कळवणार काय?

सचिव म्हणाले, "संपलं नाही, ताई. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तेच विषय असले की जेवढे येतील तेवढ्यांत होते."

"मंग आज कशाले बोलावलं सगळ्यांले?"

"आज झाली नाही म्हणून तर तहकूब झाली."

कंडक्टर काकांना हे दोनदा सांगावं लागलं. समजल्यावर ते हसले, आणि त्या आठवड्यात मी पहिल्यांदा कोणाला हसताना पाहिलं.

तहकूब सभेसाठी सचिवांनी पोलीस ठाण्याकडून एक शिपाई मागून घेतला. तो पंचायतीच्या ओट्यावर बसून मोबाइल पाहत होता. आत सदस्य आम्ही दोघंच होतो. मी विषय वाचायला सुरुवात केली, माझा आवाज मलाच अनोळखी वाटत होता. तेवढ्यात दारात सावली पडली. ती तूर पाखडणारी सदस्यबाई आली होती. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, कोणाकडे न पाहता ती आली आणि भिंतीजवळच्या बाकावर बसली. तिच्यामागोमाग तिचा नवरा आला, पण आत आला नाही. ओट्याखाली उभा राहून तिला दोनदा नावाने हाक मारली. ती उठली नाही. हरकत आहे असा ठराव लिहायला घेतला तेव्हा सचिवांनी विचारलं, सूचक कोण? मी कंडक्टर काकांकडे पाहिलं, त्यांना ऐकू आलं नव्हतं. ती म्हणाली, "माहं नाव लिवा."

तिघांच्या सह्यांचा तो ठराव मी स्वतः सेलूला नेला. तहसीलच्या आवक खिडकीत दिला आणि पोचेचा शिक्का मारून घेतला. एसटीत परत येताना मला इतकं हलकं वाटत होतं की केळझर आल्यावर तिथल्या गणपतीच्या देवळाच्या दिशेने हात जोडले. त्या दिवशी मला खरंच वाटलं की पंचायत वाचली, म्हणजे टेकडीही वाचली.

मग नळाची मोटर जळाली.

पंचायतीचं बिल आता ऑनलाइन निघतं. त्यासाठी सरपंचाची डिजिटल सही लागते, सचिवाची लागते. काकूंच्या जागी माझी सही चढवायची तर आधी काकूंची उतरवावी लागते, आणि ती उतरवायला त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. त्यांचा मोबाइल टेकडीवर पडलेला पोलिसांना सापडला होता आणि तो पुरावा म्हणून ठाण्यात जमा होता. मी ठाण्यात गेले. ठाणेदार साहेब चांगलं बोलले. म्हणाले, मुद्देमाल आहे, कोर्टाच्या आदेशाशिवाय हात लावता येत नाही. मी म्हटलं, साहेब, तुम्ही नुसता सुरू करा, आकडे वाचून सांगा, फोन तुमच्याकडेच राहू द्या. ते म्हणाले, सीलबंद आहे. मग दुसरं सिम काढायला कंपनीच्या दुकानात गेले, तर तिथला पोरगा म्हणाला, ज्याचं सिम त्याचाच अंगठा पाहिजे. जिचं सिम ती बाई अतिदक्षता विभागात होती आणि तिला आपलं नावही आठवत नव्हतं.

पंचायत समितीत बीडीओ साहेबांना भेटले. त्यांनी वरती पत्र पाठवलं. वरून काय उत्तर आलं हे विचारायला मी जात राहिले आणि प्रत्येक वेळी मला बसायला खुर्ची मिळत गेली, कधी कधी चहाही. कोणी माझ्याशी वाईट वागलं नाही. कोणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

इकडे गावाला पाणी नव्हतं. कंडक्टर काकांनी आपल्या वावरातली बोअर मोकळी केली आणि बाया तिकडून पाण्याचे गुंड भरून आणू लागल्या. येता-जाता दुकानासमोर थांबून मला विचारत, नळ कधी येते बाई? त्यांच्या आवाजात राग नव्हता सुरुवातीला, नंतर आला. एक म्हातारी म्हणाली, काकू असती तर तिनं आतापर्यंत मोटर बसवली असती. ते खरं होतं. मी तिला काय सांगणार होते ओटीपीचं?

एका सकाळी मी दुकान उघडत असताना टिप्पर गेले. एकामागोमाग एक, टेकडीकडे, उजेडात. मी काउंटर तसाच सोडून कंडक्टर काकांकडे गेले आणि आम्ही दोघं मिळेल त्या गाडीने सेलू गाठलं. तहसीलमधल्या बाबूने फाइल काढली. आमचा ठराव त्यात होता, शिक्क्यासकट. त्याने तो आम्हाला दाखवलासुद्धा. मग म्हणाला, तुमची हरकत ई-क्लासवर आहे ना, ती मान्य आहे. परवानगी शेजारच्या खाजगी जमिनीच्या गटाची दिली आहे.

"पण खोदून तर आमच्या टेकडीतच राह्यले," मी म्हटलं.

"ते तुम्ही म्हणता. हद्द कुठे आहे हे मोजणी झाल्याशिवाय कसं कळणार? मोजणीचा अर्ज करा."

मोजणीचा अर्ज केला. मोजणीवाले आले तोवर पावसाळा होऊन गेला होता. त्यांनी यंत्र लावलं, खांब शोधले. हद्दीचा दगड जिथं असायला हवा होता तिथं खड्डा होता आणि खड्ड्यात हिरवं पाणी. त्यातल्या एकाने मला विचारलं, दगड नक्की कुठे होता, मॅडम? मी त्या पाण्याकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली आणि कागदावर खूण सापडत नाही असं लिहिलं. लहान पोरीसारखं त्या काठावर बसून घ्यावं असं मला वाटलं. कंडक्टर काका माझ्या बाजूला उभे होते. 

डिजिटल सहीचं शेवटी झालं, एका साध्या कारणाने. कोर्टाने मोबाइल परत द्यायला सांगितला आणि काकूंच्या पोराने तो चार्जिंगला लावला. मोटर बसली, नळ आले. ज्या दिवशी नळ आले त्या दिवशी कोणी मला काही म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं. काकूंवरच्या हल्ल्यासाठी पोलिसांनी पकडलेले तिघेही तोवर जामिनावर सुटले होते. त्यातला एक आमच्या रस्त्याने जातो. मला पाहून मान डोलावतो, जशी ओळखीच्या माणसाला डोलावतात.

काकू घरी आल्या. उजवा हात, उजवा पाय गेला. शब्द फार थोडे उरले आणि तेही कधी सापडतात, कधी नाही. पोरगा आणि सून त्यांचं सगळं करतात. पोराला वाटलं, या सगळ्यातून आईला मोकळं करावं. त्याने राजीनामा लिहून आणला. पंचायत समितीतून विस्तार अधिकारी आले, मलाही बोलावलं. काकू खाटेवर टेकून बसल्या होत्या. अधिकाऱ्याने नीट वाचून दाखवलं आणि विचारलं, ही तुमची इच्छा आहे का? पोराने शाईचा पॅड पुढे केला, त्यांचा डावा हात हातात घेतला. काकूंनी मूठ बंद केली. पोरगा हळू आवाजात समजावत होता, "माय, सोड आता, काय ठेवलं त्यात?" पण मूठ उघडेना. अधिकारी पॅडचं झाकण लावून उठले.

त्यामुळे आता आमच्या गावाला सरपंच आहे आणि नाहीही. जागा रिकामी नाही म्हणून पोटनिवडणूक नाही. मी प्रभारी. पण सरपंच परवानगीशिवाय काही महिने गैरहजर राहिला तर पद जातं. पंचायतीने रजा मंजूर केली तर जात नाही. सचिवांनी हे मला सांगितलं तेव्हा मी तो विषय सभेवर घ्यायला सांगितला. कोणाच्या घरी गेले नाही, कोणाला बोलावलं नाही. माझ्यात पुन्हा ते दारोदार फिरण्याचं बळ राहिलं नव्हतं. तहकूब करू आणि पुन्हा तिघांत उरकू असं मी धरून चालले होते.

सगळे आले. नागपूरला गेलेले आले, ज्याचा पोरगा टिप्परवर आहे तो आला, दोन्ही गटांचे आले. खुर्च्या कमी पडल्या तर चपराश्याने शाळेतून आणल्या. मी विषय वाचला, सरपंचांची रजा मंजूर करण्याबाबत.  सगळ्यांनी हात वर केले आणि सही करून एकेक निघून गेले. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. टेकडी होती तेव्हा कुठे होतात, असं विचारायला हवं होतं. पण ड्रायव्हरच्या बापाने सही करताना पेन इतकं दाबून धरलं होतं की कागद मागून उठला, ते पाहून मला विचारवलं नाही.

संध्याकाळी मी काकूंकडे गेले. सून चुलीपाशी भाकरी करत होती. मी खाटेजवळ बसून सांगितलं, काकू, रजा मंजूर झाली, सगळे आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलत होते, शब्द शोधत होते. मग म्हणाल्या, "टेकडी?"

त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. पोराने नाही, सुनेने नाही. सुनेचा भाकरीवरचा हात थांबलेला मला ऐकू आला. खोटं बोलायचं असं मी रस्त्यात येतानाच ठरवलं होतं. पण काकूंच्या समोर ते तोंडातून निघेना.

"नेली काकू," मी म्हटलं. "थोडी राह्यली हाये. देवळाकडची बाजू."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या, पण त्यांचा डावा हात चादरीवर सरकत माझ्या हाताशी आला आणि तिथंच थांबला. मी तो धरला. सुनेने पुन्हा भाकरी थापायला घेतली. भाकरी झाल्यावर तिने दुधात कुस्करून वाटी माझ्या हातात दिली, आणि मी चमच्याने काकूंना भरवत बसले.